आईचा मेंदू आणि मिशरीची डबी



तंबाखू आणि गरोदरपण हा विषय निघाला की चर्चा बाळाच्या वजनापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्याला सबळ कारण आहे. मुंबईतल्या 1217 गरोदर स्त्रियांचा प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी केलेला अभ्यास 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातल्या सुमारे 17 टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या आणि त्यांत मिशरीचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यांची बाळे सरासरी 105 ग्रॅम हलकी भरली आणि जवळपास सहा दिवस आधी जन्मली.

या हिशेबात बाळाचे वजन आहे, आठवडे आहेत, आई मात्र कुठे नाही. बाळ कुशीत आल्यावर तंबाखूची सवय असलेल्या बाईच्या डोक्यात काय चालते, याकडे विज्ञानाचे लक्ष जरा उशिराच गेले.

गरोदरपणात आईचा मेंदूही बदलतो. एल्सलीन हुकझेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमध्ये पहिलटकरणींच्या मेंदूच्या प्रतिमा गर्भधारणेआधी आणि बाळंतपणानंतर घेतल्या. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याशी संबंधित भागांतले करडे द्रव्य कमी झाल्याचे दिसले आणि हा बदल दोन वर्षांनंतरही टिकून होता. संशोधकांनी त्याला ऱ्हास मानले नाही. आईपणासाठी मेंदूने केलेली ती फेरजुळणी असावी, असा त्यांचा कयास आहे.

त्याआधी, 2008 मध्ये, अमेरिकेत लेन स्ट्रॅथर्न यांच्या गटाने पहिलटकरणींना त्यांच्याच बाळांचे फोटो दाखवले होते. स्वतःचे लेकरू हसताना दिसले की मेंदूतली डोपामिनशी जोडलेली सुखाची केंद्रे जागी होत होती. निकोटिनही याच केंद्रांवर काम करते. सिगारेटच्या धुरातून ते काही सेकंदांत मेंदूत पोचते, मिशरीतून हिरड्यांवाटे सावकाश जाते. बाळाचे हसू आणि तंबाखूची तलफ यांची वाट एकच आहे म्हटल्यावर दोन्हींची ओढाताण होते का, हा प्रश्न ओघानेच आला.

येल विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरमध्ये हेलेना रुदरफोर्ड, लिंडा मेझ आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत नेला. आईच्या डोक्यावर विद्युतलहरी टिपणारी टोपी चढवायची, तिला बाळांचे चेहरे दाखवायचे, रडणे ऐकवायचे आणि सेकंदाच्या अंशात मेंदू कसा प्रतिसाद देतो ते नोंदवायचे. धूम्रपान करणाऱ्या आणि न करणाऱ्या मातांच्या प्रतिसादांत फरक आढळला.

इथे घाई नको. हा फरक तंबाखूनेच घडवला, असे अशा तुलनेतून सिद्ध होत नाही. धूम्रपान करणाऱ्या मातांमध्ये नैराश्य, गरिबी आणि ताण यांचे प्रमाणही पुष्कळदा जास्त असते, आणि त्यांचीही छाप मेंदूवर पडतेच. शिवाय मेंदूची लहर वेगळी म्हणजे माया कमी, असा अर्थ काढणे तर सरळ अन्याय ठरेल.

तरीही रोजच्या व्यवहारात एक फेरा स्पष्ट दिसतो. रक्तातले निम्मे निकोटिन साधारण दोन तासांत ओसरते. मग चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष न लागणे सुरू होते, आणि नेमके त्याच वेळी बाळ रडत असते. निकोटिन अंगावरच्या दुधातही उतरते. ज्युली मेनेला यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लहानशा अभ्यासात आईने सिगारेट ओढली त्या दिवशी बाळ साडेतीन तासांत सरासरी 53 मिनिटे झोपले, न ओढली त्या दिवशी 84 मिनिटे. झोपमोड झालेले बाळ किरकिरते, आई थकते, थकलेल्या आईचा हात पुन्हा तंबाखूकडे जातो. गरोदरपणात निग्रहाने सोडलेली सवय बाळंतपणानंतर अनेक जणींना पुन्हा लागते, त्यामागे हा फेराही असतो.

आता हे चित्र आपल्याकडे आणताना एक मेख आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात जेमतेम 2 टक्के स्त्रिया धूम्रपान करतात, पण 12.8 टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात. म्हणजे नोंदणीच्या वेळी ‘विडी-सिगारेट ओढता का?’ असे विचारले की बाई खरे तेच सांगते, ‘नाही’, आणि रकाना कोरा राहतो. तव्यावर भाजून कुटलेली मिशरी तिच्या लेखी व्यसन नसतेच. ती दात घासायची, पोट साफ करायची वस्तू असते, आणि डबी बहुतेक वेळा सासूबाईंचीच असते.

या प्रश्नातून वाट काढायला नवी यंत्रणा लागणार नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशभर तो कार्यक्रम झाला. त्यात रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशा कार्यकर्त्या, म्हणजे आपल्या आशाताई, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. बाळाचे वजन करतात, ताप बघतात. नेमके हेच दिवस तलफ उसळण्याचे आणि झोपमोडीचे.

म्हणून या परिषदेपुढे तीन सूचना चर्चेसाठी ठेवल्या आहेत. पहिली, गरोदरपणाच्या नोंदणीत मिशरी, खर्रा आणि चुन्यासह मळलेला तंबाखू यांची नावे घेऊन विचारावे. दुसरी, बाळंतपणानंतरच्या सहाही भेटींत तोच प्रश्न आईला पुन्हा, न रागावता विचारावा, आणि झोप व उदासी यांचीही चौकशी त्यासोबत व्हावी. तिसरी, समुपदेशनाला सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बसवावे, कारण घरात डबी उघडी असताना एकट्या सुनेने सोडायची हे अवघड आहे. दुपारच्या सत्रात या सूचनांवर सर्वांत आधी आशाताईंनी बोलावे, कारण नोंदणीतला कुठला प्रश्न घराच्या दारात विचारता येतो आणि कुठला उत्तराविना परत येतो, हे त्यांना ठाऊक आहे.