पिशवी हिरवी का पडते? घरगुती अळिंबीला लागणारे आणि न लागणारे सामान

(खुलताबाद तालुक्यातील शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



अळिंबी, म्हणजे मशरूम, कशी लावायची याची माहितीपत्रके तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली आहेत. काही बहिणींनी प्रशिक्षणही घेतले आहे. ती उजळणी मी करणार नाही. आज एकाच प्रश्नावर बोलतो. पिशवी हिरवी का पडते, आणि ती पडू नये म्हणून घरात कोणते सामान आणावे आणि कोणते आणू नये?

आधी हिशेब करू. १० किलो कोरडा भुसा घेतला. भिजून निथळला की तो ३० किलोच्या आसपास भरतो. त्यात ओल्या वजनाच्या २ ते ३ टक्के बियाणे, म्हणजे ६०० ते ९०० ग्रॅम. ३-३ किलोच्या १० पिशव्या झाल्या. सगळे नीट जमले तर त्यातून ५ ते ७ किलो ताजी धिंगरी निघते, चांगल्या हाताखाली आणखी थोडी. आता यातल्या ३ पिशव्या हिरव्या पडल्या असे धरा. भुसा, बियाणे, सरपण, पिशव्या आणि दोन दिवसांची मेहनत सगळ्या दहांची झाली. माल मात्र सातांचाच. कोणत्याही पिकात नफा शेवटच्या दोन-तीन हिश्श्यांत असतो, तोच इथे बुरशीने खाल्ला. बचत गटाचा हप्ता मात्र थांबत नाही.

अशा वेळी घरी विक्रेता येतो. म्हणतो, तुमच्याकडे यंत्रे नाहीत म्हणून पिशव्या जातात. ऑटोक्लेव्ह घ्या, लॅमिनार फ्लो घ्या, फॉगर घ्या. अनुदान आहे, कर्ज आहे, माल आम्हीच परत घेऊ. ही यंत्रे खोटी नाहीत, कामाची आहेत. पण कोणत्या कामाची? ते समजल्याशिवाय सही करू नका.

अळिंबीत दोन वेगळी कामे आहेत. एक, बियाणे तयार करणे. दुसरे, तयार बियाणे भुशात घालून पीक घेणे. स्पॉन म्हणजे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या शिजवलेल्या दाण्यावर वाढवलेली अळिंबीची बुरशी. शिजलेला दाणा म्हणजे सगळ्या सूक्ष्मजीवांना पंगतीचे आमंत्रण. एकच परका बीजाणू आत राहिला तरी तो सगळी बाटली व्यापतो. म्हणून दाणा पूर्ण निर्जंतुक करावा लागतो आणि नुसत्या उकळीने ते होत नाही. म्हैसमाळच्या पठारावर पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांनाच उकळते, आणि काही जंतूंचे बीजाणू १०० अंशांनाही मरत नाहीत. वाफ कोंडून १५ पौंड दाब दिला की १२१ अंश मिळतात. दाबाचे भांडे पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्येच केले होते. पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने १८७९ मध्ये त्याचा ऑटोक्लेव्ह केला. तुमच्या चुलीवरचा कुकर त्याच कुळातला.

भुशाचे तसे नाही. गव्हाचे काड हे निकस अन्न आहे. धिंगरी ते पचवते, तसे बाकीच्यांना सहज जमत नाही. त्यामुळे भुसा पूर्ण निर्जंतुक करण्याची गरज नाही. शत्रूची संख्या मोडायची आणि आपले बियाणे भरपूर घालून धिंगरीला आधी पळू द्यायचे. त्याला ८० अंशांचे पाणी पुरते. म्हणजे जो विकतचे बियाणे आणून पीक घेणार आहे, त्याला ऑटोक्लेव्हही नको आणि लॅमिनार फ्लोही नको. बैलगाडीला ट्रॅक्टरचे टायर लावण्यासारखे ते आहे.

मग लागते काय? एकेक सांगतो.

पहिली वस्तू, २०० लिटरचा लोखंडी ड्रम किंवा गुळाची जुनी काहील. रसायनाचा ड्रम कितीही धुतलेला असला तरी नको. एका ड्रमात १० ते १२ किलो भुसा बसतो. तो नव्या हंगामाचा, चकाकणारा, पावसात न भिजलेला हवा. काळा पडलेला, कुबट वास येणारा भुसा म्हणजे आधीच पेरलेली बुरशी. भुसा पोत्यात भरून रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात दीड-दोन तास पूर्ण बुडवून ठेवा. वर दगड ठेवा, कारण पाण्यावर तरंगलेला भुसा कच्चाच राहतो.

दुसरी वस्तू, थर्मामीटर. तापाचा नव्हे, तो ४२ अंशांवर संपतो. प्रयोगशाळेतला, १०० अंशांच्या वर मोजणारा. पाण्याला वाफ आली म्हणजे ८० झाले, असे नाही. वाफ ६० लाही दिसते. भुसा टाकल्यावर पाणी थंड होते, म्हणून वेळ मोजायची ती पाणी पुन्हा ८० ला आल्यावर. सगळ्या सामानात एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर ही घ्या.

बरेच जण गरम पाण्याऐवजी औषधाची पद्धत वापरतात. १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, त्यात भुसा १८ तास. ही शिफारस जुनी आहे आणि तिने बुरशी अडते. पण फॉर्मेलिनचा वायू कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला आहे. ज्या घरात लेकरे झोपतात, त्या घराला लागून ड्रम ठेवू नका. शिवाय हे खाण्याचे पीक आहे. सरपण असेल तर गरम पाणीच बरे. फॉर्मेलिन वापरणारच असाल तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ कधीही पडू न देता.

तिसरी वस्तू, निथळण्याची तिरकी जाळी आणि धुतलेला जाड प्लॅस्टिक कागद. सगळ्यात धोक्याची वेळ हीच. भुसा गरम आहे, त्यातले जंतू मेले आहेत, रान मोकळे झाले आहे आणि बियाणे अजून घातलेले नाही. बियाणे घालण्याआधी तो ३० अंशांच्या खाली यावा लागतो, नाहीतर बियाणेच मरते. घाई झाली की माणूस पंखा लावतो. पंखा म्हणजे खोलीभरची धूळ उचलून भुशावर पेरण्याचे यंत्र! दारे-खिडक्या लावून, हवा न हलवता भुसा गार होऊ द्या. मूठ आवळून पाहा. थेंब गळू नये, तळहात ओला व्हावा. थेंब गळला तर पिशवीच्या बुडाशी पाणी साचून सड लागते.

चौथी वस्तू, हात. साबणाने कोपरापर्यंत धुवा, मग स्पिरिट लावा. शुद्ध स्पिरिटापेक्षा ७० भाग स्पिरिट आणि ३० भाग पाणी जास्त काम करते, कारण पाण्यावाचून ते जंतूच्या आत नीट शिरत नाही. ते हातावर सुकेपर्यंत चूल, काडी जवळ नको. पिशव्या नव्या घ्या.

पाचवी, खिडकी-दाराला बारीक जाळी आणि आत पिवळा चिकट कागद. बारीक काळ्या माशा पायाला बीजाणू चिकटवून एका पिशवीवरून दुसरीवर जातात.

सहावी, नाकातोंडावर मास्क. हा पिकासाठी आहे आणि तुमच्यासाठीही. धिंगरी पिकली की तिचे बीजाणू हवेत उडतात. रोज ते छातीत गेले तर खोकला, धाप आणि ताप मागे लागतो. कडा वर वळण्याआधीच तोडणी करा. वजनही चांगले भरते.

आणि आता नको असलेल्या वस्तू. पंखा सांगितलाच. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. डेझर्ट कूलर नको, तो बाहेरची धूळ आणि साचलेले पाणी दोन्ही आत फेकतो. त्याऐवजी ओले गोणपाट लावा, पण पिकापिकाच्या मध्ये ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. गोणपाटालाही बुरशी धरते.

या यादीतली सगळ्यात मोठी वस्तू आपल्या तालुक्याची आहे. आपल्याकडे अद्रक पुष्कळ. कंदकूज येऊ नये म्हणून आपण अद्रकाला ट्रायकोडर्मा सोडतो, आणि बरोबरच करतो. पण पिशवीवरची ती हिरवी बुरशी कोण? तीही ट्रायकोडर्माच. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. पण धंदा एकच, दुसऱ्या बुरशीला खाणे. अद्रकाच्या वाफ्यात तो सड लावणाऱ्या बुरशीला मारतो म्हणून मित्र. अळिंबी स्वतःच बुरशी आहे, म्हणून तिच्या खोलीत तोच वैरी. बेणेप्रक्रियेची बादली, पाठीवरचा पंप, हातातले घमेले, अंगावरचा सदरा यांतले काहीही अळिंबीच्या खोलीत जाता कामा नये. पाणी मारायला वेगळा हातपंप घ्या आणि त्यावर लाल रंगाची पट्टी ओढा. ट्रायकोडर्मा सोडायचा त्या दिवशी अळिंबीचे काम आधी उरका, मग शेतात जा. उलट क्रम नको. खोली भुशाच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि उकिरड्यापासून दूर असावी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला खताचा खड्डा नको.

हिरवा डाग दिसला तर पिशवी खोलीत उघडू नका, कापू नका, वास घेऊ नका. दुसरी पिशवी हळूच वरून चढवा, तोंड बांधा आणि लांब नेऊन पुरा. डाग पांढरा असतानाच, हिरवा होण्याआधी काढता आला तर उत्तम, कारण हिरवा रंग म्हणजे बीजाणू तयार झाले. पिशव्या एकावर एक रचू नका. पहिले १५-२० दिवस बुरशी वाढताना पिशवी आतून तापते. खोलीत २८ अंश असले तरी रचलेल्या पिशव्यांमध्ये त्याहून जास्त असतात, आणि त्या उष्म्यात धिंगरी थकते, ट्रायकोडर्मा नाही.

बियाणे घरी करायची ज्यांची उमेद आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी चार-पाच पिके विकतच्या बियाण्यावर घ्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचा प्रकल्प आहे, तिथे विचारा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला विचारा. मग थोड्या बाटल्यांपुरता घरचा कुकर चालतो. १५ पौंड दाबावर दीड ते दोन तास, आच मंद, आणि तळात इतके पाणी की तेवढ्या वेळात आटू नये. झडप तपासल्याशिवाय चढवू नका. वाफ पूर्ण उतरल्याशिवाय उघडू नका. बाटलीत बियाणे घालताना हवा स्थिर हवी. समोर काच आणि हात घालायला दोन भोके असलेली लाकडी पेटी गावचा सुतार करून देईल. आतून स्पिरिटाने पुसा, पण त्या बंद पेटीत दिवा पेटवू नका, भडका उडतो. लॅमिनार फ्लोची चाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, हे खरे. पण तो सतत वीज मागतो, आणि मधेच वीज गेली की काम थांबलेच. रोज शंभर बाटल्या भरणाऱ्याला तो परवडतो. आठवड्याला दहा भरणाऱ्याला पेटी पुरते.

शेवटची वस्तू, वही. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि आकडा लिहा. भुसा कुठला, पाणी किती अंश, बियाणे कोणाचे आणि कोणत्या तारखेचे, डाग कुठे आला, एवढे लिहा. डागाची जागा बोलते. बहुतेक पिशव्यांत डाग दाण्यावरच सुरू झाला तर शंका बियाण्याची घ्या. एका ड्रमाच्या सगळ्या पिशव्या गेल्या आणि दुसऱ्याच्या राहिल्या, तर पाणी तापले नव्हते. बुडाशी सड असेल तर ओल जास्त होती. उशिरा, भोकांपाशी डाग आला तर माशा आणि धूळ.

हे लिहिलेले नसेल तर विक्रेता म्हणणार, बाई, तुमचेच हात घाण. आणि आपल्या बहिणी मान खाली घालून ऐकून घेणार. तसे होऊ द्यायचे नाही. बियाण्याच्या पाकिटावर तयार केल्याची तारीख नसेल तर घेऊ नका, आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या बैठकीला येताना आपापली वही आणि पावत्या घेऊन या. दहा घरांच्या वह्या शेजारी ठेवल्या की दोष पाण्याचा, हाताचा की बियाण्याचा ते सगळ्यांना दिसेल. पाण्याचा असेल तर थर्मामीटर वर्गणी काढून आणू. हाताचा असेल तर एकमेकींकडून शिकू. आणि बियाण्याचा असेल तर दहाही घरे मिळून त्या दुकानात जाऊ आणि भरपाई मागू.