घराची शेवटची खोली



वसईत कुणाचं घर केवढं हे सांगताना जुनी माणसं खोल्या मोजत नाहीत. वाडी केवढी, ते विचारतात. ओटी, माजघर, मागचं दार, त्यापुढे विहीर, केळी, पानवेली, आणि कडेला बावखल. माझं म्हणणं एवढंच आहे, की बावखल ही या घराची शेवटची खोली आहे. ती बुजवली की घर उघड्यावर पडतं.

ज्यांनी बावखल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीहून मोठा, तळ्याहून लहान असा हा खणलेला खड्डा. त्याला बांधीव कठडा नसतो, उतरते काठ असतात. ज्येष्ठात वाडीतलं गढूळ पाणी चरांतून आत शिरायचं, भाद्रपदात बावखल काठोकाठ भरायचं. पुढे उन्हाळाभर रहाटाने तेच पाणी पाटात पडून केळीच्या बुंध्याशी जायचं. रहाटाची ती करकर ऐकतच आमची सकाळ व्हायची.

आपली किनारपट्टी रेताड. जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बावखलात मुरलेला पाऊस त्या गोड्या पाण्याला भर घालतो. वरून भर थांबली आणि खालून उपसा वाढला, की विहिरीला मचूळ चव येते. टँकरसाठी होणाऱ्या उपशाविरुद्ध आपली माणसं उगाच रस्त्यावर उतरली नव्हती. १९९० च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, तो झाडांइतकाच या पाण्यासाठी होता.

घर जमिनीने मोजणारे आपण एकटेच नाही. ऑस्ट्रेलियातही उपनगरातल्या कुटुंबाचं घर म्हणजे पाव एकराचा तुकडा, असं स्वप्न पिढ्यान्‌पिढ्या होतं. आपल्या हिशेबात दहा गुंठे. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००४ पासून नव्या घराला नळाच्या पाण्याची बचत दाखवावी लागते, म्हणून छपराचं पाणी धरणाऱ्या टाक्या अंगणात आल्या. आपल्या पूर्वजांनी कायद्याशिवाय, कुदळ-फावड्याने हेच केलं होतं.

इकडे वसईत ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. माणसं आली, त्यांना घरं हवीत. त्यांच्याविषयी माझ्या मनात जराही अढी नाही. पण जुलै २०१८ मध्ये याच शहरातल्या नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, तेव्हा वाडीतला आणि इमारतीतला माणूस एकाच पाण्यात उभा होता. पावसाला जागा ठेवली नाही, तर तो आपली जागा घेतो. म्हणून बावखल खासगी जमिनीत असलं तरी त्याचं पुण्य साऱ्या उपनगराचं आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांनी श्रमदानाने बावखलं उपसली, गाळ काढला. त्यांच्यामुळे मला धीर येतो. आज वैशाख चालू आहे, मृगाला थोडेच दिवस उरले आहेत. ज्यांच्या वाडीत बावखल आहे त्यांनी उद्या सकाळी त्याकडे जाणारा चर पाहावा. पालापाचोळ्याने तुंबला असेल तर मोकळा करावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी फावडं घेऊन शेजाऱ्याकडे जावं. पहिल्या पावसाला आत येण्याचं दार आपण उघडून ठेवू या.