टाइपरायटरची रिबन आणि भीतीचा हिशेब

व्हिडिओ गेममध्ये ‘सेव्ह करणे’ म्हणजे खेळाडू कोठे उभा आहे, त्याच्याजवळ कोणत्या वस्तू आहेत, कोणती दारे उघडली आहेत आणि कोणते शत्रू मारले गेले आहेत, ही त्या क्षणाची सारी स्थिती यंत्राच्या स्मृतीत नोंदवून ठेवणे होय. पुढे पात्र मेले किंवा यंत्र बंद झाले, तरी त्या नोंदीपासून खेळ पुन्हा चालू करता येतो. आजच्या बहुतेक खेळांत ही नोंद यंत्र आपण होऊन करत असल्याने तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. मार्च 1996 मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी काढलेल्या, शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि जपानबाहेर ‘रेसिडेंट ईव्हिल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या खेळात मात्र हीच साधी नोंद मोजूनमापून वापरण्याची वस्तू झाली. जंगलातील एका वाड्यात अडकलेल्या विशेष पोलीस पथकातील क्रिस किंवा जिल यांपैकी एकाची भूमिका खेळाडूने घ्यावयाची, वाड्यातील मोजक्या खोल्यांत ठेवलेल्या टाइपरायटरपाशी जाऊनच सेव्ह करावयाचे, आणि दर वेळी जवळची एक शाईची रिबन खर्ची घालावयाची, असा त्याचा नियम होता.

हा नियम जुन्या यंत्रांच्या दुबळेपणातून आला असावा, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अर्धवटच खरी आहे. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाची, म्हणजे खेळाच्या नोंदी साठवण्याच्या छोट्या काढघाल करता येणाऱ्या पट्टीची, क्षमता 128 किलोबाइट होती आणि ती 15 कप्प्यांत विभागलेली असे, हे खरे; परंतु जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहिण्यास कोणतीही आडकाठी नव्हती, त्यामुळे एकाच कप्प्यावर शंभर वेळा सेव्ह करणे यंत्राला मुळीच जड गेले नसते. रिबनचा तुटवडा यंत्राने लादलेला नसून रचनाकारांनी विचारपूर्वक निर्माण केलेला होता, आणि त्याचे मोल समजण्यासाठी तो याच दृष्टीने पाहिला पाहिजे.

ज्या प्रकारात शत्रूवर मात करण्यापेक्षा अपुऱ्या साधनांनिशी तगून राहणे महत्त्वाचे असते, त्याला ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. हे नाव रूढ करणाऱ्या याच खेळात सेव्ह केलेली नोंद उघडताना त्या नावाने खेळाडूचे पुन्हा स्वागत करणारा मजकूर पडद्यावर येत असे. या तगून राहण्याचा सारा हिशेब खिशाशी बांधलेला होता. क्रिसला एका वेळी 6 वस्तू बाळगता येत, जिलला 8. पिस्तूल, गोळ्या, जखमेवरची वनौषधी, किल्ली आणि रिबन यांपैकी प्रत्येकीला एक जागा लागे, आणि उरलेले सामान ठराविक खोल्यांतील पेटीत ठेवावे लागे. जिलजवळ कुलूप उघडण्याचे हत्यार पहिल्यापासून असे, तर क्रिसला छोट्या किल्ल्या शोधून त्याही बाळगाव्या लागत, त्यामुळे आधीच अपुरा असलेला त्याचा खिसा अधिकच आखडे. रिबन सोबत घ्यावी तर सापडलेली वस्तू उचलायला जागा राहत नाही, आणि पेटीत ठेवावी तर हाताशी टाइपरायटर असूनही ती निरुपयोगी ठरते. अशा बारीक अडचणीतून उभा राहणारा ताण कोणत्याही राक्षसाच्या चित्रापेक्षा जास्त टिकाऊ असतो.

खरी गंमत पुढेच आहे. पात्र मेले की खेळ शेवटच्या नोंदीपर्यंत मागे जातो, आणि त्यानंतर केलेले सर्व काही पुसले जाते. म्हणून सेव्ह न करता खेळाडू जितका पुढे जाईल, तितके त्याच्या मरणाचे मोल वाढत जाते. पहिल्या पाच मिनिटांत ज्या ओसरीतून तो बेफिकिरीने जातो, त्याच ओसरीत, तोच एक चालताफिरता मुडदा समोर असताना, पाऊण तासानंतर तो भिंतीला धरून चालू लागतो. मुडद्याची ताकद तितकीच असते, दिवा तितकाच मंद असतो, फक्त खेळाडूच्या स्वतःच्या आयुष्यातला पाऊण तास आता डावावर लागलेला असतो. पात्राला होणारी इजा कल्पित असते, खेळाडूचा बुडणारा वेळ खरा असतो, आणि रिबनने ही दोन टोके एकमेकांना बांधली, हे तिचे खरे कर्तृत्व मानले पाहिजे.

जागेचे बंधन आणि संख्येचे बंधन यांची येथे गल्लत होऊ देता कामा नये. 1999 च्या ‘सायलेंट हिल’मध्ये ठराविक ठिकाणीच सेव्ह करता येई, परंतु कितीही वेळा करता येई, आणि तरीही तो खेळ भीतीच्या बाबतीत कोणाच्याही मागे नाही, तेव्हा भयासाठी संख्येचे बंधन अपरिहार्य आहे, असे म्हणता येत नाही. 1996 च्याच ‘टूम रेडर’च्या प्लेस्टेशन आवृत्तीत जागोजागी स्फटिक ठेवलेले असत आणि प्रत्येक स्फटिक एकदाच वापरता येई, म्हणजे संख्या मर्यादित होती, पण ती रचनाकाराने जागेशी जखडून टाकलेली होती. रिबन खिशात घालून नेता येत असल्यामुळे ती केव्हा आणि कोठे खर्च करावी, हा निर्णय सर्वस्वी खेळाडूचा राहिला, आणि चुकीचे खापर दुसऱ्या कोणावर फोडण्याची सोय उरली नाही.

वास्तविक त्या वाड्यात रिबनी तशा बऱ्याच सापडतात, आणि काटकसरीने खेळणाऱ्याजवळ शेवटी त्यांतल्या काही शिल्लकही राहतात. पण एकूण किती आहेत हे प्रथमच खेळणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून महिनाअखेरीस पाकीट चाचपणाऱ्या गृहस्थाप्रमाणे तो जरुरीपेक्षा अधिक हात आखडता घेतो. तुटवड्यापेक्षा तुटवड्याची शंकाच तेथे अधिक काम करते.

या पद्धतीत दोषही होते, आणि ते क्षुल्लक नव्हते. तिने बेफिकिरीला शिक्षा केली, तशीच ती कधी कधी निरपराधालाही केली. याच मालिकेतील 2000 च्या ‘कोड व्हेरोनिका’मध्ये विमानात एका अजस्र शत्रूशी गाठ पडते आणि तेथून मागे परतण्याची वाट नसते, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी तेथे पोहोचून ज्याने सेव्ह केले, त्याच्यापुढे खेळ अगदी सुरुवातीपासून मांडण्यावाचून फारसा मार्ग उरत नसे. शिवाय ज्याला दिवसाकाठी अर्धाच तास मोकळा मिळतो, त्याच्या दृष्टीने टाइपरायटर दूर असणे यात थरार कमी आणि गैरसोयच अधिक; ही तक्रार आळशीपणाची म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल.

2005 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल 4’मध्ये मिकामी यांनीच टाइपरायटर ठेवून रिबन काढून टाकली, आणि मेल्यावर थोडे मागून पुन्हा सुरुवात करण्याची सोय दिली; झुंजीवर भर देणाऱ्या त्या खेळाला ते शोभणारेही होते. पुढे रिबन परतली ती ऐच्छिक काठिण्याच्या रूपाने. 2017 च्या सातव्या भागात सर्वांत कठीण पातळीवर सेव्ह करण्यासाठी कॅसेट खर्च करावी लागे, आणि 2019 च्या नव्याने घडवलेल्या दुसऱ्या भागात कठीण पातळीवर आपोआप होणारी नोंद बंद होऊन रिबनीच लागू लागल्या. याच पातळीवर सर्वोच्च श्रेणी हवी असेल तर मात्र 3 पेक्षा जास्त वेळा सेव्ह करायचे नाही, अशी अट आहे. येथे रिबनी हाताशी असूनही त्या न वापरण्यात कौशल्य मानले जाते, आणि ते कौशल्य दाखवणारा खेळाडू वाड्यात प्रथम शिरलेला घाबरट पाहुणा नसून, कोणत्या दारामागे काय आहे हे पाठ असलेला परीक्षार्थी असतो.