यंत्र कोणते, प्रणाली कोणाची?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस मी प्रथम वंदन करतो. इंदुरातील मराठी माणसाने आपली भाषा घरात आणि शाळेत अशा दोन ठिकाणी जपली, आणि या शाळेचा त्यात मोठा वाटा आहे. अशा संस्थेने मला या व्यासपीठावर बोलावले, याबद्दल मी संचालक मंडळाचा ऋणी आहे.

आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. ज्याने उभे आयुष्य जुने मराठी वाङ्मय शिकवण्यात घालवले, त्याने संगणकाच्या यंत्रांविषयी काय बोलावे? परंतु ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्याला एक प्रश्न कधीच सोडीत नाही. तो प्रश्न असा की, लिहिलेले टिकते कसे? ताडपत्र, कागद, शाई, छापखाना यांचा विचार त्याला करावाच लागतो. आज लिहिलेले ज्या यंत्रात राहते त्याला आपण सर्व्हर म्हणतो, आणि ते यंत्र चालवणारी जी मूळ प्रणाली असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. या दोहोंची निवड हा केवळ तंत्रज्ञांनी निकालात काढण्याचा विषय नाही. तो संस्थेच्या धोरणाचा विषय आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

या विषयाला आपल्या शाळेत एक तातडीचे कारणही आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेची जुनी हस्तलिखित वार्षिके छायाचित्रित करून सर्वांना खुली करण्याचे काम हाती घेतले आहे. त्यासाठी त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला असून तो मुक्तस्रोत ठेवला आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. हे सारे कोणत्या यंत्रावर ठेवायचे याचा निर्णय मात्र व्हायचा आहे. तेव्हा ज्यांनी हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर सोडवला त्यांचे उदाहरण प्रथम पाहू. ते उदाहरण आहे विकिपीडियाचे.

विकिपीडियाचा आरंभ 15 जानेवारी 2001 रोजी अमेरिकेत झाला. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. मराठीतील नोंदीही इतर भाषांतील नोंदींप्रमाणे त्याच यंत्रसमूहावर राहतात. म्हणून त्या यंत्रांची कथा परकी असली तरी आपल्याशी अगदीच असंबद्ध नाही.

प्रारंभी मजकूर साध्या फाइलींत ठेवला जाई. जानेवारी 2002 मध्ये माग्नुस मान्स्के यांनी लिहिलेली, डेटाबेसवर आधारलेली नवी प्रणाली आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ली डॅनियल क्रॉकर यांनी ती नव्याने लिहिली. मिडियाविकी म्हणून आज जी ओळखली जाते ती हीच. यंत्रे मात्र मोजकीच होती. त्यांना कोशकारांची नावे देण्याचा प्रघात पडला होता. एका यंत्राचे नाव होते प्लिनी, प्राचीन रोमच्या ग्रंथकारावरून. दुसऱ्याचे लारूस, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कोशकारावरून. नावे थोर, पण यंत्रे दुबळी. 2003 च्या अखेरीस बिघाड होऊन विकिपीडिया बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा संस्थापक जिमी वेल्स यांनी 20 हजार डॉलरसाठी वाचकांना आवाहन केले आणि वाचकांनी ती रक्कम उभी केली.

येथे आपल्या ज्ञानकोशकारांची आठवण होणे स्वाभाविक आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे केले, ते केवळ विद्वत्तेच्या बळावर नव्हे. त्यासाठी त्यांनी भागभांडवलाचे ज्ञानकोशमंडळ उभारले आणि पुढे त्या मंडळाचा इतिहासही लिहून ठेवला. कोश म्हटला की लेखकांइतकीच द्रव्याची, जागेची आणि माणसांची तजवीज लागते, हे त्यांनी जाणले होते.

जमलेल्या पैशांतून काय घ्यावे? एक मार्ग असा होता की एकच अतिबलाढ्य यंत्र घ्यावे. दुसरा असा की बाजारात सहज मिळणारी साधी यंत्रे अनेक घ्यावीत आणि त्यांत कामाची वाटणी करावी. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी दुसरा मार्ग धरला. जानेवारी 2005 मध्ये फ्लोरिडात त्यांची 39 यंत्रे होती. त्यांपैकी 21 यंत्रे वाचकाने मागितलेले पान तयार करून देत. सात यंत्रे एकदा तयार झालेल्या पानाची प्रत जवळ ठेवून पुढील वाचकांना तीच देत. एक मुख्य डेटाबेस-यंत्र होते आणि त्याच्या प्रती ठेवणारी काही दुय्यम यंत्रे होती.

या वाटणीतील विचार समजून घेण्याजोगा आहे. कोशाचे वाचक फार असतात, लिहिणारे थोडे. शंभर जणांनी एकच नोंद मागितली तर ती शंभरदा नव्याने सिद्ध करण्याचे कारण नाही. हे प्रती वाटण्याचे काम आणि पाने तयार करण्याचे काम स्वस्त यंत्रे करू शकतात. त्यांतील एखादे बिघडले तर ते बाजूला काढावे. दुसरे त्याची जागा घेते. डेटाबेसच्या यंत्राची गोष्ट वेगळी. मूळ लेखन तेथे असते. त्याला भरपूर स्मृती, जलद तबकड्या आणि प्रत्येक अक्षर दोन ठिकाणी उमटेल अशी योजना हवी. म्हणून काटकसर कोठे करावी आणि खर्च कोठे करावा हे यंत्राची किंमत पाहून ठरत नाही. त्या यंत्रावर काय सोपवले आहे, ते गेले तर परत आणता येईल की नाही, यावरून ते ठरते.

फेब्रुवारी 2005 मध्ये या योजनेची परीक्षा झाली. फ्लोरिडातील ज्या इमारतीत यंत्रे होती तेथे वीजपुरवठ्याचे सर्किट ब्रेकर पडले. जनित्र होते, पण बिघाड इमारतीच्या आतल्या पुरवठ्यात असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. वीज परतली तेव्हा मुख्य डेटाबेस आणि एका दुय्यम यंत्रावरील प्रत दूषित झाल्याचे आढळले. असे का व्हावे? तबकडीवर मजकूर उमटण्यापूर्वी तो काही क्षण मधल्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो. यंत्राने 'लिहिले' असे सांगितले तरी प्रत्यक्षात ते लिहिले गेले असेलच असे नाही. तेवढ्यात वीज गेली की संगती तुटते. त्या वेळी तेथील मंडळींनी उरलेल्या दुय्यम यंत्रांची दुरुस्ती एकदम सुरू केली नाही. आधी त्यांवरील माहितीची जशीच्या तशी नक्कल करून घेण्यास प्रारंभ केला. जीर्ण पोथी हाताळण्यापूर्वी तिची नक्कल करणाऱ्या संशोधकाचीच ही शिस्त आहे. अनेक प्रती ठेवल्या होत्या म्हणूनच ही शिस्त पाळण्यास अवकाश मिळाला.

आता प्रणालीकडे वळतो. विकिपीडियाची यंत्रे लिनक्सवर चालत आली आहेत. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्याला लाभली. या प्रणालीची संहिता खुली आहे. ती किती यंत्रांवर बसवावी यावर बंधन नाही आणि प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे मूल्यही नाही. एकाची 39 आणि 39 ची शेकडो यंत्रे होत असता या गोष्टीचे महत्त्व किती, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु खुली प्रणाली निवडली म्हणजे काम संपले असे नव्हे. लिनक्सची अनेक वितरणे आहेत, आणि त्यांचे आयुर्मान सारखे नसते. रेड हॅट कंपनीने आपले सर्वांसाठी असलेले वितरण थांबवून, 2003 पासून एक सशुल्क आणि दुसरे फेडोरा नावाचे समुदायाचे अशी विभागणी केली. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण 13 महिने सांभाळली जाते. त्यानंतर तिच्यातील दोष दुरुस्त होत नाहीत. नवे पाहू इच्छिणाऱ्यास हे ठीक. पण शेकडो यंत्रे चालवणाऱ्या लहानशा चमूला वर्षागणिक सारी घडी बदलणे कसे परवडावे? परिणामी विकिपीडियाच्या यंत्रांवर रेड हॅट आणि फेडोराच्या निरनिराळ्या आवृत्तींची सरमिसळ झाली. 2008 मध्ये त्यांनी सुमारे 400 यंत्रे उबुंटू या एकाच वितरणाखाली आणण्याचे ठरवले. त्या वर्षीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सर्व्हरसाठी पाच वर्षे दुरुस्त्या मिळण्याची हमी होती. पुढे 2015 नंतर क्रमाक्रमाने ही यंत्रे डेबियनवर नेण्यात आली. डेबियन हे 1993 मध्ये इयन मरडॉक यांनी आरंभलेले वितरण असून ते स्वयंसेवकांच्या समुदायाचे आहे. एखाद्या कंपनीचे धोरण बदलले म्हणून ते बंद पडत नाही.

रेड हॅटकडून उबुंटू, उबुंटूकडून डेबियन या प्रवासाकडे काही जण धरसोड म्हणून पाहतील. मला त्यात उलट अर्थ दिसतो. घर बदलता आले, कारण सामान कुणाच्या कुलपात नव्हते. जानेवारी 2013 मध्ये मुख्य कारभार फ्लोरिडाहून व्हर्जिनियास नेता आला तो याच मोकळीकीमुळे. एप्रिल 2016 मध्ये तर व्हर्जिनियातील केंद्र सुस्थितीत असताना सारा कारभार मुद्दाम टेक्सासमधील दुसऱ्या केंद्रावर नेऊन पाहिला आणि दोन दिवसांनी परत आणला. संकट येण्यापूर्वी केलेली ती रंगीत तालीम होती.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कुलपाचे एक बोलके उदाहरण आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले. ग्रंथांच्या शुद्धतेची काळजी त्यामागे होती, आणि त्या निष्ठेमुळेच आद्य मराठी गद्याचा ठेवा आपल्या हाती आला, याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण त्याच कारणाने पंथाबाहेरील मराठी समाजाला लीळाचरित्रासारखा ग्रंथ शतकानुशतके वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल सर्वांना उपलब्ध झाली तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. ग्रंथ सुरक्षित असणे आणि तो वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ली ज्यांच्याजवळ आहे ती माणसे नसतील तेव्हा काय, हा प्रश्न आधीच विचारायचा असतो.

कोणी म्हणेल, आता स्वतःचे यंत्र हवेच कशाला? भाड्याने जागा मिळते. महिन्याला पैसे भरावे आणि निश्चिंत व्हावे. भाड्याच्या जागेला माझा विरोध नाही. विकिपीडियाची स्वतःची यंत्रेही दुसऱ्याच्या इमारतीत भाडे देऊनच ठेवलेली असतात. पण भाडेकरूने एक गोष्ट पाहावी: उद्या जागा सोडायची झाली तर सारे सामान उचलून दुसरीकडे जसेच्या तसे मांडता येईल काय? येत असेल तर भाडे ही सोय आहे. येत नसेल तर ते परावलंबन आहे.

आता आपल्या शाळेविषयी. एका हितचिंतकाने मोठे, किमती यंत्र देऊ केले आहे. त्यावरील प्रणाली बंदिस्त आहे आणि तिच्या परवान्याचा पहिल्या वर्षाचा खर्चही ते सोसणार आहेत. देणाऱ्याच्या सद्भावनेविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही माझे मत मी आदरपूर्वक मांडतो की, ही देणगी या स्वरूपात स्वीकारू नये. दुसऱ्या वर्षीचा परवाना कोण भरणार? ते एकुलते यंत्र बिघडले तर वार्षिके कोठून वाचायची? वार्षिकांचे वाचक दिवसाला काही डझन असतील. त्यांना एवढ्या बळाची गरजही नाही. त्याच हितचिंतकांना विनंती करावी की तेवढ्याच रकमेतून दोन साधी यंत्रे द्यावीत. एक येथे इंदुरात राहील आणि दुसरे पुण्यातील माजी विद्यार्थ्यांकडे. दोहोंवर डेबियन किंवा तशीच दीर्घ मुदत सांभाळली जाणारी खुली प्रणाली असावी आणि दोहोंवर तीच आवृत्ती. वीज गेली तर यंत्र नीट बंद होईल इतका वेळ तग धरणारा यूपीएस असावा. मूळ छायाचित्रांची तिसरी प्रत यंत्रापासून अलग, कपाटात असावी. वर्षातून एकदा येथील यंत्र मुद्दाम बंद करून पुण्याच्या यंत्रावर काम चालते की नाही ते पाहावे. आणि उरलेली रक्कम पाच-सहा वर्षांनी नवी यंत्रे घेण्यासाठी राखून ठेवावी, कारण यंत्र मरणारच आहे हे गृहीत धरूनच त्याची निवड करायची असते.

याखेरीज एक काम पैशाने होणारे नाही. यंत्र कसे बसवले, प्रती कोठे आहेत, सारे नव्याने कसे उभारायचे, हे सोप्या मराठीत लिहून छापून ठेवावे. आज हे काम करणारे तरुण उद्या नोकरीसाठी हैदराबादला किंवा परदेशी जातील. तो त्यांचा हक्कच आहे. त्यांच्या मागून येणाऱ्या, त्यांना कधीही न भेटलेल्या विद्यार्थ्याला ते टिपण वाचून काम पुढे नेता आले पाहिजे. कै. गुरुजींनी ग्रंथालयाची सूची स्वहस्ते दोन प्रतींत लिहून एक ग्रंथालयात आणि दुसरी कार्यालयात ठेवली होती, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्यांना सर्व्हर हा शब्द ऐकण्याचा प्रसंग आला नाही. पण आपण नसताना आपले काम चालावे, याची त्यांनी केलेली तजवीज नेमकी हीच होती.

संचालक मंडळ आणि माजी विद्यार्थी संघ या निर्णयासाठी लवकरच एकत्र बसणार आहेत. त्या बैठकीत यंत्राच्या किमतीआधी या गोष्टींचा विचार व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.