शस्त्रक्रियेपूर्वीची गोळी

(पालक मेळाव्यात झालेले भाषण)



ऑपरेशनचे नाव निघाले की माणूस सुरीपेक्षा भुलेला अधिक भितो. "पुन्हा जाग येईल ना?" हा प्रश्न आम्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना नित्याचा आहे. ही भीती शमविण्यासाठी जे औषध आधी देतात, ते बहुधा बेन्झोडायझेपीन या कुळातले असते. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेले या कुळातले पहिले औषध, लिब्रियम, १९६० साली बाजारात आले. १९६३ मध्ये डायझेपाम आले. आपल्याकडे घरोघर 'काम्पोज' म्हणतात तीच ही गोळी.

मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य असते. त्याचे काम लगामाचे. ते मज्जापेशीवरील एक दार उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. आपली गोळी स्वतः दार उघडीत नाही, ती गाबाच्या हाताला जोर देते. दार वारंवार उघडू लागते. जुन्या बार्बिच्युरेट औषधांपेक्षा ही सुरक्षित ठरली ती यामुळेच. मात्र दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामक यांची जोड मिळाली, तर श्वास धोकादायकपणे मंदावतो.

हल्ली शिरेतून मिडाझोलाम देतात. रोगी बोलतो, मान डोलावतो, आणि संध्याकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही! म्हणून संमतिपत्रावरील सही औषधाच्या आधीच झाली पाहिजे. नंतर कोणी मागितली तर नातेवाइकांनी खुशाल हरकत घ्यावी.

सर्वांनाच हे औषध हवे काय? २०१५ साली फ्रान्समध्ये १,०६२ रोग्यांवर झालेल्या पाहणीत लोराझेपाम दिल्याने रोग्यांचे समाधान वाढले नाही. उलट श्वासनळीतील नळी काढण्यास थोडा अधिक वेळ लागला. वृद्धांना तर यामुळे भ्रम होऊ शकतो. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाने शेजारी बसून नीट समजावून सांगणे मला अधिक मोलाचे वाटते. असो.

आता ज्यासाठी मी आलो ती गोष्ट. आपल्या घरांतून कितीतरी वडीलधारी माणसे वर्षानुवर्षे झोपेची गोळी घेतात आणि लपवितात; मुलांनाही पत्ता नसतो. आम्ही औषधे विचारली की मधुमेहाची, रक्तदाबाची नावे येतात, ही तेवढी राहते. मग औषधाच्या मात्रेचा आमचा अंदाज चुकतो. शिवाय रुग्णालयात ती एकाएकी बंद पडल्याने दोन-चार दिवसांत हात थरथरतात, भ्रम होतो, प्रसंगी झटके येतात. घरचे म्हणतात, भूल बाधली!

तेव्हा गोळ्यांचा डबा आहे तसा तपासणीला आणा. चारचौघांत सांगणे नको वाटले तर तसे म्हणा, आम्ही इतरांना बाहेर बसवू. गोळी चालू ठेवायची की कशी, ते डॉक्टर ठरवतील. ऑपरेशनच्या सकाळी घ्या म्हणाले, तर ती घोटभर पाण्याबरोबर घेता येते. तेवढ्याने उपाशीपोटी राहण्याचा नियम मोडत नाही.