तासिकेबाहेरचे तास





प्राध्यापक-संशोधकांच्या या परिषदेसाठी आपण ज्या पुण्यात जमलो आहोत, त्याच शहरात १९३९ साली मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. बर्लिनची डॉक्टरेट, तीन मुलं, गावोगावची भटकंती, शिवाय मराठी-इंग्रजी लेखन. त्यांचं नाव घेतलं की आपली मान ताठ होते. पण एका असामान्य बाईनं निभावलं, म्हणून प्रत्येकीनं निभावलंच पाहिजे, असं म्हटलं की संस्था अंग काढून घ्यायला मोकळ्या होतात. मला त्याची धास्ती वाटते.

देशाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं खर्च होतात असं दिसलं; पुरुषांची मिनिटं ९७. प्राध्यापिकेचं घर याला फारसं अपवाद नसतं. त्यात पीएच.डी., पहिली नेमणूक, लग्न, बाळंतपण हे सगळं त्याच आठ-दहा वर्षांत येतं. पुढे बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, ही वर्षं कुणी मोजत नाही.

नियम सुधारलेत, हे आनंदानं सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगानं पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि दोन वर्षांची वाढीव मुदत दिली आहे. कायम प्राध्यापिकेला पगारी प्रसूती रजा आहे. पण सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवणाऱ्या, नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीचं काय? तास बुडाला की त्याचं मानधन बुडालं. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं आणि नवं वर्ष सुरू झालं की पुन्हा मुलाखत. घरी तान्हं बाळ असताना तिला ‘वेळेचं नियोजन शिक’ म्हणणं मला क्रूर वाटतं. आपले विभाग तिच्या जिवावर चालतात, हे इथल्या प्रत्येक विभागप्रमुखाला ठाऊक आहे.

निदान या परिषदेपुरतं तरी शेजारच्या वर्गात आम्ही पाळणाघर केलं आहे. दोन्ही दिवस शेवटचं सत्र संपेपर्यंत ते चालू राहील; मुलांना घेऊन आलेल्या बाबांनीही तिथे जरूर यावं. ठरावाचा मसुदा आपल्या पिशवीत आहे. सीएचबी शिक्षिकांना पगारी प्रसूती रजा आणि परतल्यावर पूर्वीइतकेच तास, ही त्यातली पहिली मागणी. त्यासाठी पैसा कुठून यावा, शासनापुढे ती कशी मांडावी, हे पहिल्याच सत्रात ठरवायचं आहे. तेव्हा सीएचबीवरच्या मैत्रिणींनो, कृपया पुढच्या रांगांत या.