रात्रपाळी : मालवाहू वैमानिकांची आणि आपली

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने जमाखर्चाविषयी बोलावे, अशी प्रथा आहे. ताळेबंद अहवालात छापलेला आहेच. तो वाचून दाखवून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाही. आज मालवाहू विमाने चालविणाऱ्या वैमानिकांविषयी बोलावयाचे आहे. कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षे ओस पडलेली, विमान गाठायचे तर कोल्हापूर किंवा पुण्याला जावे लागते, अशा सांगलीत हा विषय काहींना विचित्र वाटेल. तथापि तो अखेरीस आपल्याच वॉर्डात येऊन पोहोचणार आहे, एवढे आश्वासन देतो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद पडला. औषधभांडारात बसून आम्ही खोक्यांवरील चिठ्ठ्या त्या वेळी प्रथमच नीट वाचल्या. अमुक खोके हैदराबादहून निघाले, तमुक अहमदाबादहून. एक रात्र विमानात, पुढची मालमोटारीत. आपल्याला औषध दुकानातून येते असे वाटते. वास्तविक ते कोणाच्या तरी रात्रीतून येते.

या रात्रीच्या वाहतुकीचा एक मोठा अध्याय महाराष्ट्राच्याच भूमीवर घडला आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, ते बहुतेकांस ठाऊक असते. नागपूरची हकिगत मात्र फारशी कोणी सांगत नाही. 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने रात्री निघत आणि देशाच्या मध्यभागी नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि ज्या शहरातून विमान आले, त्याच शहराकडे ते पहाटेपर्यंत परत जाई. दिवसा मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळू लागले. सर्व माल एका मध्यवर्ती ठिकाणी आणून तेथून वाटण्याची हीच पद्धत पुढे 1973 मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे फेडरल एक्स्प्रेसने वापरली आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ती नमुना म्हणून शिकवली जाते. आमच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नागपूरचे नाव कधी आढळले नाही, याची खंत वाटते.

ती विमाने बहुतांशी डाकोटा होती. मार्गदर्शनाची आजची साधने नसताना पावसाळ्यातील ढगांतून, विंध्य-सातपुड्यावरून ही माणसे रोज रात्री जात. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री नागपूरहून उडालेले एक डाकोटा लगेच कोसळले आणि 13 जण दगावले. सेवा मात्र चालू राहिली.

आजच्या मालवाहू विमानात दोन वैमानिक असतात आणि मागे जाळीने व साखळ्यांनी आवळलेला माल. निघण्यापूर्वी कप्तानापुढे भाराचे पत्रक येते. कोणते वजन पुढे, कोणते मागे, तोल कोठे पडतो, हे त्यात मांडलेले असते. आमच्यासारख्या हिशेबनिसाला त्यात तेरीज जुळविण्याचीच क्रिया दिसते. फरक इतकाच, की आमची तेरीज चुकली तर लेखापरीक्षक शेरा मारतो. 29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथे एका मालवाहू जम्बो विमानातील अवजड लष्करी वाहने उड्डाण करतानाच सुटून मागे सरकली आणि विमानातील सातही जण मृत्युमुखी पडले. धोकादायक मालाची सूचनाही कप्तानाला लेखी द्यावी लागते. त्यात सुका बर्फ येतो, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो; आणि रुग्णालयांसाठी जाणारी किरणोत्सारी द्रव्येही येतात.

या द्रव्यांविषयी थोडे अधिक सांगण्याचा मोह होतो. अणुवैद्यक विभागात तपासणीसाठी लागणारे टेक्नेशियम ज्या मॉलिब्डेनमपासून मिळते, ते सुमारे 66 तासांत निम्मे उरते. आम्ही हे प्रथम ऐकले तेव्हा घसाऱ्याचे कोष्टक डोळ्यांपुढे आले. यंत्रावर वर्षाला घसारा लागतो, येथे तासाला लागतो. विमान एक दिवस रखडले की मालाचा पाचवा हिस्सा वाटेतच संपतो. या मालास रात्र वाया घालविणे परवडत नाही, म्हणून वैमानिकास रात्र जागावी लागते.

जानेवारी 2021 मध्ये त्याचे महत्त्व सर्वांनी पाहिले. 12 तारखेच्या पहाटे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्ड लस घेऊन शीतगाड्या लोहगावला गेल्या. पहिले विमान 34 खोकी, म्हणजे 1,088 किलो वजन, घेऊन दिल्लीला निघाले. लस 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवणे आवश्यक होते. चार दिवसांनी देशात लसीकरण सुरू झाले. आपल्या परिचारिकांनी दंड पुढे केला त्या दिवसाची छायाचित्रे आपल्या संग्रही आहेत. खोके आणणाऱ्या वैमानिकाचे नाव आपल्यापैकी कोणासही ठाऊक नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मध्यरात्रीनंतर, विशेषतः 2 ते 6 या वेळेत, मनुष्याचे शरीर झोप मागते. अनुभवाने किंवा निष्ठेने ती मागणी थांबत नाही. 22 मे 2010 रोजी मंगळूर येथे दुबईहून पहाटे आलेले प्रवासी विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि 158 जणांचा मृत्यू झाला. कप्तान उड्डाणाचा बराच काळ झोपलेले होते, हे ध्वनिमुद्रणातून स्पष्ट झाले. 14 ऑगस्ट 2013 रोजी अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे पहाटे एक मालवाहू विमान उतरताना कोसळले व दोन्ही वैमानिक ठार झाले. तपासात थकवा हे एक कारण निघाले. तेथे वैमानिकांच्या विश्रांतीचा नवा नियम झाला होता, पण त्यातून मालवाहू विमाने वगळली होती, कारण होणाऱ्या लाभापेक्षा खर्च अधिक ठरेल असा हिशेब मांडला गेला. त्या उड्डाणापूर्वी ते दोघे याच भेदाविषयी आपसांत बोलत होते. आपल्याकडे वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 1 जुलै 2025 पासून 36 तासांवरून 48 तासांवर नेण्यात आली.

लाभापेक्षा खर्च अधिक! हे वाक्य आम्ही स्वतः या सभागृहात, याच मेजाशी उच्चारलेले आहे. परिचारिकांची संख्या वाढविण्याचा प्रस्ताव पूर्वी आला, तेव्हा तो परत पाठविताना आमच्या टिपणीत जवळजवळ हेच शब्द होते.

त्यानंतर एका पहाटे सव्वाचार वाजता अतिदक्षता विभागात एका भगिनीने 4 युनिटऐवजी 40 युनिट इन्शुलिन सिरिंजमध्ये भरले. शेजारच्या खाटेवरील सहकारी भगिनीचे लक्ष गेले आणि सुई टोचण्यापूर्वी हात थांबला. रुग्ण सुखरूप घरी गेले. आम्ही सकाळी नियमाप्रमाणे त्या भगिनीस मेमो दिला. तिने उत्तरात एकच ओळ लिहिली : ही माझी सलग सातवी रात्र होती. पाळीपत्रक काढून पाहिले. त्यावर सही आमची होती, आणि मेमोवरही आमचीच. मेमो मागे घेतला. परंतु तो दिला गेला होता, हे काही मागे घेता येत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे नवा प्रस्ताव ठेवला. सलग तीनपेक्षा अधिक रात्री कोणासही देऊ नयेत, त्यानंतर पूर्ण दोन दिवस सुट्टी असावी, आणि पहाटेच्या प्रत्येक जोखमीच्या इंजेक्शनची मात्रा दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने वाचून पडताळावी, जसे विमानात दुसरा वैमानिक यादी वाचतो. यासाठी 11 परिचारिका अधिक लागतील. मंडळाने या वर्षासाठी 6 जागा मंजूर केल्या, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. उरलेल्या 5 जागांचा खर्च पुढील अंदाजपत्रकात पुन्हा मांडणार आहोत, आणि या वेळी टिपणीतील ते जुने वाक्य त्यात असणार नाही.

नवे पाळीपत्रक 1 जूनपासून अतिदक्षता विभागात आणि प्रसूती विभागात लागू होईल. इतर वॉर्डांतील भगिनींना तूर्त थांबावे लागेल, हे आम्ही जाणून आहोत. त्याचे कोष्टक उद्या सकाळी मेट्रन बाईंच्या कार्यालयाबाहेर लावले जाईल. ज्यांना सुट्टीच्या तारखा बदलून हव्या असतील, त्यांनी शनिवारपर्यंत तेथे नोंद करावी.